उजव्या कुंडीतलं पाणी

एका माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास माझ्यामुळे गेला. चूक झाली ती निष्काळजीपणाने, पण ती झाकली मी पूर्ण शुद्धीवर असताना, माझ्या हातांनी माती पसरून. माझी चूक त्या माणसाने स्वतःची समजून उरलेली नोकरी केली, म्हातारपण काढलं, आणि मी गप्प राहिलो. भांडुपला आम्ही राहायचो त्या बिल्डिंगमधली जी थोडी माणसं अजून भेटतात ती त्यांचा विषय निघाला की हसतात. "पानवाले सर ना? जरा चक्रमच होते." मीही त्यांच्याबरोबर हसलो आहे. ते हसणं मला आता जमत नाही, म्हणून हे लिहितोय.

मी सरांकडे पेइंग गेस्ट होतो. माझं गाव कणकवलीकडचं, नोकरी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात. सर एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. लग्न केलेलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दोन खोल्या आणि एक गॅलरी. बाहेरच्या खोलीत ते, आतल्या खोलीत मी, आणि गॅलरीत झाडं. झाडांना सगळ्यात जास्त जागा होती. खोली बघायला गेलो तेव्हा भाडं, डिपॉझिट, येण्याजाण्याच्या वेळा यांतलं त्यांनी काहीच आधी काढलं नाही.

"आंघोळीला पाणी किती लागतं तुला?"

"एक बादली."

"भरून की अर्धी?"

"भरून."

"कोकणातला ना तू. तुम्हाला पाणी म्हणजे वरून पडणारी वस्तू. इथे अर्धी मिळेल. महिनाभर बघ, जमलं तर राहा."

मला जमलं. आजही मी अर्ध्या बादलीतच आंघोळ करतो, आणि बायको म्हणते, नळाला चोवीस तास पाणी असताना हे काय सोंग आहे.

सर जालन्याकडच्या एका खेड्यातले. बाहेरच्या खोलीत निळ्या कोटातली एक तसबीर होती, तिच्याखाली टेबल, टेबलावर सूक्ष्मदर्शक. लहानपणाबद्दल ते बोलत नसत. एकदाच, भिंगं पुसता पुसता म्हणाले, "आमच्या वस्तीची विहीर वेगळी होती. गावाच्या विहिरीआधी आटायची." मी पुढे काही विचारेन असं त्यांना वाटलं असावं, कारण ते क्षणभर थांबले. मला काय विचारावं ते सुचलं नाही. त्यांनी परत भिंगं पुसायला घेतली.

लोक हसायचे ते मुख्यतः नेलपॉलिशमुळे. स्टेशन रोडवरच्या बांगड्यांच्या दुकानात सर महिन्यातून एकदा जायचे आणि बिनरंगाचं नेलपॉलिश घ्यायचे. मी एकदा बरोबर होतो. दुकानातल्या बाईंनी बाटली पुढे ठेवली आणि गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "सर, एवढं लावतं कोण घरात? हे तर नाही ना लावत?" हे म्हणजे मी.

"पानांना लावतो," सर म्हणाले.

"पानांच्या कुठल्या बोटांना?"

बायका हसल्या. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी नीट समजावून सांगायला सुरुवात केली. पानाच्या खालच्या बाजूला पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, त्यावर चिकटपट्टी दाबून अलगद उचलायची, की पानाच्या कातडीचा ठसा पट्टीवर येतो. तोवर बाई दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या भरायला लागल्या होत्या. सरांनी वाक्य पूर्ण केलं, पैसे दिले आणि निघाले. समोरचा ऐकतोय की नाही याच्याशी त्यांच्या वाक्याचा संबंध नसे. वर्गातही तसंच. त्यांची एक विद्यार्थिनी मला सांगायची, की बाराच्या सुमाराला शिकवता शिकवता सर खिडकीपाशी जात आणि म्हणत, "आता बाहेर सगळी गप्प झाली असतील." मागच्या बाकांवरून कुणीतरी त्यांच्याच आवाजात म्हणे, "तुम्हीपण व्हा सर." ते ऐकून सर मान डोलावत आणि फळ्याकडे वळत.

गप्प होतात म्हणजे काय, ते मला एका रविवारी कळलं. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

"काय दिसतं?"

"काजू. दोन दोन काजू समोरासमोर ठेवल्यासारखे. मधे फट आहे."

"बरोबर बघतोस. त्या काजूंना रक्षक पेशी म्हणतात. मधली फट ते पर्णरंध्र. हवा आत घ्यायची तर फट उघडी हवी. फट उघडी ठेवली की आतलं पाणी उडून जातं. दोन्ही एकाच दारातून. झाडाला दुसरं दार नाही."

"मग उन्हाळ्यात काय करतं ते?"

"निरोपाची वाट बघतं. माती कोरडी पडायला लागली की मुळांना आधी कळतं. मग एक संप्रेरक कामाला लागतं. अॅब्सिसिक आम्ल. नाव विसरलास तरी चालेल, पोरं परीक्षेपुरतंही लक्षात ठेवत नाहीत. ते या काजूंपर्यंत पोचलं की त्यांच्यातलं पाणी कमी होतं, ते सैल पडतात, फट मिटते."

"म्हणजे पान सुकायला लागलं की मिटते."

"नाही रे. सुकायच्या आधी. पान टवटवीत असतं आणि तरी मिटतं." त्यांचा आवाज थोडा वर चढला होता. तो चढलेला मी क्वचित ऐकला. "मिटणं म्हणजे सुकणं नव्हे. लोकांचा तिथेच घोटाळा होतो."

हे वाक्य ते बऱ्याचदा म्हणत, आणि दर वेळी झाडाबद्दलच म्हणत असं मला वाटत नाही. दुपारी घरी असले की ते सगळ्या खिडक्या लावून घेत, भर एप्रिलमध्ये सुद्धा. पंखा गरम हवा इकडची तिकडे करायचा. दिवाळीत बिल्डिंगमधली मुलं फराळाची ताटं घेऊन फिरायची तेव्हा आमचं दार बंद असायचं. सुरुवातीला कुणी वाजवत असेल, मी राहायला आलो तोवर ते वाजवणंही थांबलं होतं. घरात ताटं दोनच होती, आणि दुसरं त्यांनी माझ्यासाठी आणलेलं. माझी आई आठवडाभर राहायला आली होती, तेव्हा ती वाटीतच जेवली. जाताना मला जिन्यात म्हणाली, "माणूस बरो आसा. पण ह्यो बोलता कोणाशी रे?"

मी म्हटलं, "झाडांशी."

"झाडा काय उत्तर देतत?"

सरांच्या मते देत होती. त्यांचा सगळा जीव त्यातच होता. निरोप खरोखर मुळांकडून येतो की पानातच तयार होतो, याबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहे असं ते सांगत. त्यांना तो वाद सोडवायचा नव्हता. त्यांना एवढंच दाखवायचं होतं, की मुळांचा अर्धा भाग कोरडा ठेवला आणि अर्ध्याला पाणी दिलं, तर झाड सुकत नाही, तरी रंध्रं थोडी मिटून घेतं आणि कमी पाण्यात भागवतं. दर उन्हाळ्यात पाणीकपात होते, गॅलरीतली झाडं मरतात, लोक कुंड्या फेकून देतात. "अर्ध्या पाण्यात मिरच्या," ते म्हणायचे. "बस, एवढंच. कुणाच्या उपयोगी पडलं तर पडलं."

त्यासाठी त्यांनी मिरचीच घेतली होती, कारण तिचं पान गुळगुळीत, ठसा स्वच्छ उठतो. रोप लहान असतानाच मुळांचे दोन भाग करायचे आणि शेजारी शेजारी चिकटवलेल्या दोन कुंड्यांत एकेक भाग लावायचा. झाड मोठं झालं की दोन कुंड्यांत दोन पाय टाकून उभं राहिल्यासारखं दिसे. समोरच्या फ्लॅटमधले काका गॅलरीतून ओरडायचे, "सर, मिरच्यांना पँटी शिवल्यात की काय?" काही झाडांना दोन्ही कुंड्यांत पाणी. बाकीच्यांना फक्त डाव्या कुंडीत, उजवी कोरडी. मग पानांचे ठसे घ्यायचे आणि उघडी रंध्रं, मिटलेली रंध्रं मोजत बसायचं. काही वर्षं हे चाललं होतं. दर वेळी उजवी कुंडी कोरडी असलेल्या झाडांची रंध्रं जास्त मिटलेली सापडत होती, आणि झाडं हिरवीगार. पण सरांना घाई नव्हती. "अजून एक उन्हाळा," असं म्हणत त्यांनी बरेच उन्हाळे काढले.

मग एका वर्षी ते म्हणाले, "या खेपेला तसंच आलं तर बोलणार." घाटकोपरला शिक्षकांचा एक मेळावा होता, जूनमध्ये. तिथे त्यांनी स्वतःहून नाव दिलं होतं. नोकरीच्या इतक्या वर्षांत ते कधी व्यासपीठावर गेले नव्हते. त्यांनी नवीन शर्ट आणला आणि मला दाखवला. "फार पांढरा आहे का रे?" असं विचारलं. कपड्यांबद्दल त्यांनी मला विचारलेलं हे एवढंच.

मे महिन्यात त्यांच्या बहिणीचं गर्भाशयाचं ऑपरेशन निघालं. जालन्याला जाणं भाग होतं. सरांनी मला गॅलरीत उभं केलं आणि एकेका झाडापाशी नेऊन सांगितलं.

"डाव्या कुंडीत रोज एक भांडं. उजवीत थेंब नाही. वर भेगा पडल्या तरी नाही. तुला दया येईल. येऊ देऊ नकोस."

"नाही येणार, सर."

"येईल. मलासुद्धा येते. पण आपण दया केली की झाड खोटं बोलतं, आणि त्याचा दोष नसतो."

दयेची वेळच आली नाही. बोरिवलीला माझ्या चुलतभावाने एका मुलीचं स्थळ आणलं होतं. शनिवारी बघायला गेलो, रविवारी तिच्याबरोबर बाहेर चहा प्यायलो, आणि भाऊ म्हणाला, "आता आठवडाभर इथूनच कामावर जा की, परत भेटाल." बोरिवलीहून मरोळ तसं सोयीचंच. मी राहिलो. मिरच्या आठवल्या नाहीत असं नाही. रोज आठवायच्या, आणि रोज वाटायचं, उद्या जाऊन येऊ. त्या मुलीशी पुढे माझं लग्न झालं. म्हणजे त्या आठवड्याने मला संसार दिला. हेही लिहून ठेवायला हवं, कारण पुढच्या गोष्टीबरोबर ते मला नेहमी टोचतं.

परत आलो तेव्हा गॅलरीतली सगळी झाडं माना टाकून होती. डाव्या कुंड्या, उजव्या कुंड्या, सगळ्या दगड झालेल्या. पिंपात होतं नव्हतं ते पाणी मी उपसलं आणि दिसेल त्या कुंडीत ओतलं. डावी-उजवी काही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडं उभी होती. मला इतकं हायसं वाटलं, की उजव्या कुंड्यांचं लक्षात आलं ते दात घासताना. माती काळीशार आणि ओली.

तेव्हा जालन्याला फोन करता आला असता. "सर, वाट लागली, असं असं झालंय," एवढं म्हणायचं होतं. ते वैतागले असते, पुढच्या उन्हाळ्यावर गेले असते. त्याऐवजी मी गच्चीवर गेलो. तिथे कुणाच्या तरी टाकून दिलेल्या कुंड्या होत्या. त्यांतली भुसभुशीत कोरडी माती पिशवीत भरून आणली. उजव्या कुंड्यांतला वरचा ओला थर खरवडून काढला आणि कोरडी माती पसरली. पिवळी पडलेली पानं खुडली. डाव्या कुंड्यांत नेमाने पाणी घालायला लागलो. तीन-चार दिवसांनी सर आले. गॅलरीत जाऊन त्यांनी उजव्या कुंडीतल्या मातीवर बोटं फिरवली आणि म्हणाले, "छान सांभाळलंस."

ठसे त्यांनी दुसऱ्या दिवशी घेतले. मी आत कपडे इस्त्री करत होतो. दोन-तीन शर्ट झाले. मग त्यांनी हाक मारली.

"जरा बघ रे. मला उघडी दिसतायत."

मी बघितलं. काजू फुगलेले, मधल्या फटी स्वच्छ उघड्या. दोन्हीकडे पाणी मिळालेल्या झाडांत आणि यांच्यात काही फरक नव्हता.

"उघडीच आहेत, सर."

त्यांनी दुसऱ्या झाडाचा ठसा लावला, मग तिसऱ्याचा. मी बाजूला उभा. त्यांनी मान वर न करता विचारलं, "उजव्या कुंडीत पाणी गेलं नाही ना चुकून?"

"नाही, सर."

ते थोडे अवघडले. सूक्ष्मदर्शकावरून हात काढून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "विचारलं म्हणून रागावू नकोस. विचारावं लागतं."

मी म्हटलं, "नाही रागावलो."

त्या संध्याकाळी त्यांनी जुने सगळे ठसे काढले. काचपट्ट्यांचे डबेच्या डबे होते. आधीच्या उन्हाळ्यांचे ठसे ते परत परत बघत होते आणि दर वेळी त्यांना शंका येत होती. जी रंध्रं मिटलेली म्हणून मोजली होती, ती आता त्यांना अर्धवट वाटायला लागली. "ही मिटलेली म्हणशील का तू?" ते विचारायचे. मी म्हणायचो, "मला त्यातलं काय कळतं, सर." काही दिवसांनी विचारायचे थांबले. गॅलरीत मिरच्यांना लाल रंग चढला होता आणि तोडायला कुणी जात नव्हतं.

घाटकोपरच्या मेळाव्याला मी त्यांच्याबरोबर गेलो. हॉल अर्धा भरलेला. सर नवीन शर्ट घालून माईकपाशी गेले. म्हणाले, "मी एका गोष्टीवर बोलणार होतो. पण मला जे हवं होतं तेच मी बघत आलो असेन, असं शेवटी लक्षात आलं. तुमचा वेळ घेत नाही." आणि खाली आले. कुणीतरी दोन टाळ्या वाजवल्या आणि थांबवल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी घाईघाईने पुढचं नाव घेतलं. परतताना मी म्हटलं, "सर, एकदा परत करून बघा ना. एका वेळी चुकू शकतं."

"झाड नाही चुकत," ते म्हणाले. "आणि तूही नीट सांभाळलंस. मग राहिलं कोण?"

चूक झाली त्या दिवसापेक्षा मला या क्षणाची लाज जास्त वाटते. त्यांनी हिशेब मांडला आणि त्यात उरलेला एकटा माणूस स्वतःच निघाला, आणि मी मान खाली घालून चालत राहिलो.

मिरच्यांच्या कुंड्या वॉचमनच्या बायकोने नेल्या. सूक्ष्मदर्शक कॉलेजला गेला. गॅलरी रिकामी झाली तेव्हा ती किती मोठी होती ते कळलं. माझं लग्न ठरलं, मी बोरिवलीला राहायला गेलो. निघताना सर म्हणाले, "ताट घेऊन जा." मी नेलं नाही.

पुढे त्यांचा वर्षातून एकच फोन यायचा. पाणीकपात जाहीर झाली की. "पिंप भरून ठेव," म्हणायचे. "हो सर. तुम्ही कसे आहात?" "ठीक." आणि ठेवायचे. पहिल्यापासून शेवटपर्यंत मिनिटही होत नसे. त्या मिनिटात सांगता आलं असतं. दर वर्षी मी ठरवायचो, आणि दर वर्षी "ठेवतो" हा शब्द माझ्याआधी यायचा. बिल्डिंग पुनर्विकासाला गेली हे मला त्यांच्याकडून नाही, समोरच्या काकांकडून कळलं. सर मुलुंडला भाड्याच्या खोलीत आहेत, तळमजल्यावर, असं ते म्हणाले.

या वर्षी कपात जाहीर झाली आणि फोन आला नाही. मी वाट बघितली. मीही केला नाही. बायकोने ओळखलं काहीतरी आहे ते. तिला मी तेव्हा पहिल्यांदा सगळं सांगितलं, तिच्याबरोबर चहा पीत होतो त्या आठवड्यासकट. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इतकी वर्षं कुढत बसलास. मुलुंडला जायला किती वेळ लागतो रे?"

खोली शोधायला त्रास झाला नाही. गल्लीतल्या दुकानदाराला विचारलं, तर त्याने हात दाखवला, "वो अकेले वाले सर?" दार उघडंच होतं. एक खाट, एक खुर्ची, एक खिडकी. सरांनी माझ्याकडे बघितलं पण ओळखलं नाही. मी नाव सांगितल्यावर चेहरा हलला.

"अरे तू. ये. काचबिंदू झालाय. मधलं दिसतं, कडेचं नाही. फोनवरचे आकडे चुकतात. दोनदा भलत्यालाच पिंप भरायला सांगितलं."

"त्यांनी भरलं का?"

"एकाने शिवी दिली. दुसऱ्याने भरलं असावं." ते हसले. "बस ना. खुर्चीवर बस."

मी बसलो. त्यांनी घरचं विचारलं, कारखान्याचं विचारलं. मी उत्तरं देत होतो. शेवटी त्यांचा प्रश्न अर्धा असतानाच मी बोलायला लागलो. आठवडाभर न जाणं, सगळ्या कुंड्यांत ओतलेलं पाणी, गच्चीवरची माती, खुडलेली पानं. मधे थांबलो नाही. थांबलो असतो तर उठून निघून आलो असतो.

सर ऐकत होते, मान पूर्ण माझ्याकडे वळवून, बहुधा मला नीट बघता यावं म्हणून. माझं संपल्यावर ते तोंडी परीक्षा घेतल्यासारखे विचारायला लागले.

"सगळी सुकली होती? दोन्हीकडे पाणी मिळणारीसुद्धा?"

"सगळी."

"आणि मग दोन्ही कुंड्या भिजवल्यास. पूर्ण?"

"खालून पाणी वाहीपर्यंत."

"मी आलो त्याच्या किती आधी?"

"तीन-चार दिवस."

"पुरेसे आहेत," ते स्वतःशीच म्हणाले. "उघडायला पुरेसे आहेत. म्हणजे उघडी होती ती उघडीच होती." त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. चेहऱ्यावर जे आलं त्याला आनंदच म्हणायला हवं, मी दुसरा शब्द शोधला पण नाही सापडला. "आणि आधीच्या उन्हाळ्यांतली मिटलेली होती. मी नीट बघत होतो रे. मी नीटच बघत होतो."

"हो, सर."

मग तो आनंद हळूहळू उतरला. ते खिडकीच्या दिशेला तोंड करून बसले. बाहेर कुणाचा तरी कुकर शिट्या देत होता.

"त्यानंतर मी शिकवायचो ना," ते म्हणाले, "फळ्यावर आकृती काढली की मागे सरकून बघायचो. वाटायचं, हे खरंच असं असतं, की मला असं हवंय? पोरं हसायची. पेपर तपासतानाही तेच. दोनदा तपासायचो. कुणाशी बोलताना वाटायचं, हा बोलतोय ते मी ऐकतोय, की मला हवं ते ऐकतोय. मग बोलणंच कमी केलं. आधीच कुठे फार होतं."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"पाणी घातलंस त्याचं काही नाही," ते म्हणाले. "मेली असती ती. मीही घातलं असतं."

मी उठलो आणि त्यांच्या पायांशी वाकायला गेलो. त्यांनी माझा दंड धरून अडवलं. हात अंदाजाने पुढे आला होता, पण पकड घट्ट होती.

"पायाबिया नको. तोंडाने बोल, काय बोलायचंय ते."

घरून निघताना मी बरीच वाक्यं तयार केली होती. तरुण होतो, घाबरलो होतो, एवढं होईल असं वाटलं नव्हतं. त्यांतलं एकही उपयोगाचं नव्हतं. ते दंड धरून थांबले होते. मी त्यांच्या डोळ्यांच्या अगदी समोर आलो, जिथलं त्यांना दिसत होतं तिथे, आणि म्हणालो,

"सर, पाण्याची माफी मागायला मी आलो नाही. तुम्ही मला विचारलंत, आणि विचारल्याबद्दल वर मलाच म्हणालात, रागावू नकोस. मी म्हटलं, नाही रागावलो. त्याची माफी मागतो."